झोपेच्या तपासणीतला एकच आकडा पाहून मशीन घेऊ नका, निर्धास्तही होऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, आहे का हे पाहणारी झोपेची तपासणी आता घरपोच होते. संध्याकाळी एक माणूस लहानशी डबी घेऊन येतो, छातीला पट्टा, नाकाला नळी आणि बोटाला चिमटा लावून जातो. सकाळी तो डबी परत नेतो आणि दुपारी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट येतो. त्यात ठळक अक्षरांत एक आकडा असतो, एएचआय. तो ३० च्या वर असला की बऱ्याचदा त्याच माणसाचा फोन येतो, ‘मशीन कधी पाठवू?’, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारे सीपॅप मशीन. आणि आकडा ४ आला की घरचे म्हणतात, ‘बघा, काही नाही, नुसतेच घोरतात.’ दोन्हीकडे घाईच होते. असे रिपोर्ट रोज वाचणे हेच आमचे काम असल्याने त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण चार ओळींत सांगितल्यामुळेच या विषयाचा घोळ होतो.

आधी एएचआय म्हणजे काय ते पाहू. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काहींचा श्वासमार्ग घशाशी मिटतो. हवेचा प्रवाह किमान १० सेकंद ९० टक्के किंवा त्याहून जास्त घटला, तर तो ‘ॲप्निया’, म्हणजे श्वास थांबणे. प्रवाह ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटला आणि सोबत रक्तातला ऑक्सिजन उतरला किंवा मेंदूला क्षणभर जाग आली, तर तो ‘हायपॉप्निया’, म्हणजे श्वास उथळ होणे. दोन्ही प्रकारच्या घटना मोजायच्या आणि झोपेच्या तासांनी भागायच्या. ५ च्या आत सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

ऐकायला हे सरळ वाटते. गोम भागाकारात आहे. घरच्या साध्या यंत्राला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत, त्यामुळे माणूस झोपला आहे की छताकडे पाहत पडला आहे हे त्याला कळत नाही. ते घटनांना नोंदणीच्या तासांनी भागते. समजा साडेसात तास नोंद झाली आणि ६० घटना सापडल्या. ६० भागिले साडेसात म्हणजे ८, रिपोर्टवर ‘सौम्य’. पण नव्या नळ्यांमुळे त्या रात्री झोप चारच तास लागली असेल, तर खरा आकडा १५. रात्र तीच आणि माणूसही तोच. म्हणून यंत्र लावाल तेव्हा उशाशी कागद-पेन ठेवा. दिवा कधी मालवला, अंदाजे झोप कधी लागली, किती वेळा उठलात, सकाळी कधी जाग आली हे लिहा. हा कागद रिपोर्ट वाचणाऱ्याच्या हाती पोचला पाहिजे. तो कोणी मागत नाही, तुम्हीच द्या.

दुसरी गोम हायपॉप्नियाच्या व्याख्येत आहे. ऑक्सिजन ३ टक्के उतरला की घटना धरायची, की ४ टक्के उतरल्यावरच? दोन्ही नियम जगात चालतात. ३ टक्क्यांच्या नियमाने आकडा मोठा येतो, ४ टक्क्यांच्या नियमाने लहान. तरुण आणि सडपातळ माणसात हा फरक विशेष पडतो. रिपोर्टवर कोणता नियम लावला ते छापलेले असावे. नसेल तर विचारा. गेल्या वर्षी एका ठिकाणी २२ आणि यंदा दुसऱ्या ठिकाणी ११ आला म्हणून आजार अर्धा झाला असे समजू नये. कदाचित फक्त मोजपट्टी बदलली असेल.

तिसरी गोष्ट, मोजणी कोणी केली? यंत्राचे सॉफ्टवेअर आपोआप घटना मोजते. बोटाचा चिमटा निसटला की ऑक्सिजन ६० वर ‘कोसळतो’, नाकातली नळी सरकली की सपाट रेघ येते आणि सॉफ्टवेअर तिलाही ॲप्निया म्हणू शकते. उलट जो रात्रभर तोंडाने श्वास घेतो, त्याच्या नाकाच्या नळीत मुळातच काही येत नाही. प्रशिक्षित माणसाने नोंदीच्या रेघा डोळ्यांखालून घातल्या आहेत का आणि तज्ज्ञ डॉक्टरची सही आहे का, हे पाहा. सही असली तरी वापरता येण्याजोगी नोंद किमान चार तासांची हवी. त्याहून कमी असेल तर ती रात्र वाया गेली असे समजून पुन्हा करा. पुन्हा पैसे मागितले तर भांडा.

घरच्या तपासणीत निम्मे काम पेशंटच्या हातात असते. नळीच्या दोन टोकांची वळणे नाकपुड्यांत खाली-मागे जातील अशी बसवा आणि गालावर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, कारण कुशीवर वळताना नळी तिथूनच निघते. छातीचा पट्टा गंजीवरून, दोन बोटे जेमतेम जातील इतका घट्ट हवा. बोटाला गडद नेलपॉलिश नको. यंत्राचा दिवा लुकलुकतोय ना, हे यंत्र देणाऱ्याकडून एकदा पाहून घ्या. दुपारची झोप त्या दिवशी टाळा आणि संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. नेहमीच्या गोळ्या बंद करू नका. झोपेची गोळी किंवा रात्रीचा पेग रोजचा असेल तर तसे स्पष्ट सांगा. दारूने घसा आणखी सैल पडतो आणि आकडा वाढतो. तो वाढलेला आकडाच रोजचा खरा आकडा आहे का, हे ठरवायला माहिती लागते.

घरची तपासणी सगळ्यांना चालत नाही, आणि हे विकणारे सहसा सांगत नाहीत. हृदयाचा पंप कमजोर असलेले, फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे, पक्षाघात होऊन गेलेले, स्नायूंच्या आजाराचे, दीर्घकाळ अफूवर्गीय वेदनाशामके घेणारे, आणि ज्यांना मुळातच झोप लागत नाही असे लोक यांनी थेट प्रयोगशाळेत जावे. यांच्यात घसा मिटण्याऐवजी मेंदूकडून श्वासाचा हुकूमच न जाण्याचा प्रकार, म्हणजे सेंट्रल ॲप्निया, असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. यात चूक किती महाग पडते याचे उदाहरण आहे. हृदयाचा पंप कमजोर असलेल्या आणि मुख्यतः सेंट्रल ॲप्निया असलेल्या रुग्णांना एका आधुनिक प्रकारचे मशीन लावून पाहिले गेले, तेव्हा मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. सर्व्ह-एचएफ नावाचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा हृदय कमजोर असलेल्याने इको न दाखवता मशीन लावून घेऊ नये. फार स्थूल माणसाच्या रक्तात बायकार्बोनेट २७ किंवा त्याहून जास्त असेल, तर कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची शंका घ्यावी लागते. तिथेही घरची डबी पुरत नाही.

प्रयोगशाळेतली पूर्ण तपासणी म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायांना तारा, छातीला व पोटाला पट्टे, नाकाला नळी व तापमानाचा सेन्सर, बोटाला चिमटा, ईसीजी आणि कॅमेरा. पाहून माणूस घाबरतो, पण त्यात टोचायचे काही नसते. केसांना तेल लावून येऊ नका. तारा पेस्टने चिकटवतात आणि तेलावर त्या टिकत नाहीत, मध्यरात्री पुन्हा लावाव्या लागतात. स्वतःची उशी आणा. पहिल्या दोन तासांतच आजार मध्यम किंवा तीव्र दिसला आणि पुढे किमान तीन तास शिल्लक असले, तर त्याच रात्री मास्क लावून योग्य दाब शोधता येतो. त्याने एका रात्रीचा खर्च वाचतो. नोंदणी करतानाच ही सोय आहे का ते विचारा.

घरच्या तपासणीत काही निघाले नाही, पण दिवसा पेंग येते, जोडीदार म्हणतो श्वास अडकतो, रक्तदाब तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नाही, तर त्या रिपोर्टवर थांबू नका. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, आणि उताणे झोपल्यावर आजार बळावतो. त्या रात्री रेम झोप कमी लागली किंवा माणूस रात्रभर कुशीवर झोपला तर आकडा लहान दिसतो. अशा वेळी पुढची पायरी प्रयोगशाळा. एक फुकटची मदत आहे. पहाटे चार-पाचच्या सुमारास, रेम झोप जास्त असते तेव्हा, घरच्यांनी मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढावा. घोरणे चालू, मग शांतता, मग छाती हलतेय पण आवाज नाही, आणि मग फुर्रकन श्वास. हे पाहून डॉक्टरला पुष्कळ कळते.

मुळात तपासणी करायची कोणी? स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिलेले असणे, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सें.मी.च्या वर आणि पुरुष असणे, प्रत्येकाला एक गुण. पाच किंवा जास्त म्हणजे शक्यता मोठी. १६ नंबरची कॉलर घट्ट होत असेल तर मानेचा गुण मिळालाच समजा. पण ही यादी परदेशात बनली आहे. जबड्याच्या ठेवणीमुळे आपल्याकडे कमी वजनातही हा आजार होतो. बीएमआय २७ असलेला माणूसही रात्री गुदमरत असू शकतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या अभ्यासात, नियमित आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांचा एएचआय ५ किंवा त्याहून जास्त होता, तर त्यासोबत दिवसाची पेंगही असलेले ७.५ टक्के होते. या दोन आकड्यांतले अंतर लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बायकांचा प्रश्न वेगळाच आहे. पुरुष असण्याचा गुण त्यांना मिळत नाही, आणि ‘बाई घोरते’ हे घराबाहेर कोणी बोलत नाही. त्यांची तक्रार असते रात्री सारखी जाग येते, सकाळी डोके दुखते, दिवसभर अंगात त्राण नाही. त्यावर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहिले जाते, ते पाहावेच, पण पाळी गेल्यानंतरच्या वयात झोपेकडेही पाहिले पाहिजे.

मनगटी घड्याळांबद्दल हल्ली रोज विचारले जाते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सॅमसंग आणि ॲपलच्या घड्याळांतल्या स्लीप ॲप्नियाच्या सुविधांना मान्यता दिली, पण ती इशारा देण्यापुरती, निदानासाठी नाही. घड्याळाने सांगितले तर तपासणी करा. घड्याळ गप्प आहे म्हणून तपासणी टाळू नका.

आता मुख्य प्रश्न. आकडा आला, उपचार घ्यायचे का?

आम्ही रिपोर्टमधल्या आणखी तीन जागा आधी पाहतो. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली एकूण किती वेळ राहिला? सर्वांत खालचा आकडा ८४ आहे म्हणून लोक हबकतात, पण तो दोन सेकंदांचा असू शकतो. रात्रीचा पाचवा हिस्सा ९० च्या खाली गेला असेल तर गोष्ट गंभीर. उताणे असताना किती आणि कुशीवर किती? आणि घटनांपैकी घशामुळे किती, मेंदूमुळे किती? त्यानंतर कागद बाजूला ठेवून माणसाकडे पाहायचे. एपवर्थ नावाच्या मोजपट्टीत आठ प्रसंग आहेत. वाचताना, टीव्ही पाहताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, गाडीत तासभर बसून जाताना वगैरे डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ मध्ये सांगायची. २४ पैकी १० च्या वर गेले तर पेंग जास्त. आपल्याकडे लोक शून्य-शून्य लिहितात, कारण लोकलमध्ये किंवा एसटीत बसल्या बसल्या डोळा लागणे हे कुणाला पेंगणे वाटतच नाही. हा फॉर्म जोडीदारासमोर भरावा.

ढोबळ नियम असा आहे. १५ किंवा त्याच्या वर असेल तर लक्षणे असोत-नसोत, उपचार सुचवले जातात. ५ ते १५ मध्ये दिवसाची पेंग, न आटोक्यात येणारा रक्तदाब, हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असेल तर. आता समजा दोघांचा एएचआय १२ आहे. एक ३४ वर्षांचा टँकरचालक, एपवर्थ १५. त्याने उपचार आजच सुरू करावेत आणि पेंग जाईपर्यंत स्टीअरिंगवर बसू नये. दुसरे ६८ वर्षांचे निवृत्त गृहस्थ, रक्तदाब नीट, दिवसा ताजेतवाने, घोरण्याची तक्रार फक्त बायकोची. त्यांनी उताणे झोपणे सोडावे, वजन पाहावे, रात्रीचा पेग बंद करावा, आणि वर्षाने किंवा लक्षणे बदलली तर पुन्हा तपासावे. त्यांना महागड्या मशीनची गरज नाही. एकाच आकड्यावर दोन विरुद्ध निर्णय, आणि दोन्ही बरोबर.

मशीन विकताना ‘झोपेत ॲटॅक येईल’ अशी भीती घातली जाते, तेव्हा एक माहिती हाताशी असावी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह या मोठ्या अभ्यासात, आधीच हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ जणांपैकी निम्म्यांना सीपॅप मशीन दिले. काही वर्षांनी पाहता हार्ट ॲटॅक, पक्षाघात यांचे प्रमाण मशीनवाल्यांत कमी झाल्याचे दिसले नाही. घोरणे, पेंग, मनाची अवस्था आणि कामावरच्या रजा यांत मात्र फायदा दिसला. याचा अर्थ मशीन निरुपयोगी असा नाही. त्या लोकांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच वापरले, आणि फार पेंग येणाऱ्यांना अभ्यासात घेतलेच नव्हते. रक्तदाब मशीनने सरासरी दोन-तीन अंकच उतरतो, हट्टी रक्तदाबात जरा जास्त. म्हणजे दिवसाची पेंग, सकाळची डोकेदुखी, रात्री दर दोन तासांनी लघवीला उठणे या तक्रारी असतील तर मशीन लावल्याचा फायदा काही दिवसांत स्वतःलाच कळतो. तक्रारच नसेल तर फायद्याचे वचन जपून द्यावे लागते. मुंबईच्या अभ्यासातले १९.५ आणि ७.५ यांच्यामधले लोक ते हेच. त्यांच्यातही एएचआय ४५ आणि ऑक्सिजन तासभर ९० खाली असेल, तर आम्ही तरी महिनाभर लावून बघाच म्हणू. पुष्कळांना आपण इतकी वर्षे थकलेले होतो हे मशीन लावल्यावरच कळते.

‘लावून बघा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मोठ्या शहरांत मशीन महिन्याच्या भाड्याने मिळते. आधी भाड्याने घ्या. सीपॅप म्हणजे मास्कमधून सतत थोडा दाब देऊन घसा उघडा ठेवणारा पंप. ऑक्सिजन देणारे यंत्र नव्हे, हा गैरसमज अजून आहे. दाब ४ ते २० सें.मी. पाण्याइतका. ऑटो प्रकारात मशीन स्वतः दाब कमी-जास्त करते. पण ते कारखान्यातून ४ ते २० असे उघडे येते, आणि तसेच पेशंटच्या हाती दिले की दोन तक्रारी हमखास. ४ वर कित्येकांना हवा कमी पडल्यासारखे वाटते आणि ते मास्क फेकतात. उलट गळतीमुळे मशीन दाब वाढवत नेते, त्याने गळती वाढते आणि पहाटे दाब १६ वर पोचून जाग येते. दोन आठवड्यांनंतर मशीनमधल्या मेमरी कार्डावरची नोंद काढून, रात्रीचा ९५ टक्के वेळ ज्या दाबाखाली गेला तो पाहून, खालची-वरची मर्यादा आवळून घ्यावी. हे काम डॉक्टरने सांगून करायचे, दुकानदाराने अंदाजाने नाही.

मशीन सुटते ते मास्कपायी. मास्क उभे राहून किंवा बसून मापू नका. आडवे होऊन, दाब सुरू ठेवून, दोन्ही कुशींवर वळून पाहा. हवा सुटली की माणूस पट्टे आवळतो, नाकाच्या हाडावर व्रण पडतो आणि गळती तशीच राहते. पट्टे ढिले करून मास्क चेहऱ्यापासून उचलून पुन्हा बसवायचा असतो. भरघोस मिशी असेल तर पूर्ण चेहऱ्याचा मास्क मिशीवरून गळतो; नाकपुड्यांत टेकणाऱ्या उश्यांचा लहान मास्क बघावा. कवळी काढून झोपणाऱ्याने मास्क कवळी काढूनच मापावा. सकाळी तोंड कोरडे पडत असेल तर हवा तोंडाने निसटते आहे. आधी नाक उघडे करा, मिठाच्या पाण्याने धुवा, गरज असेल तर डॉक्टरकडून स्प्रे घ्या. तोंडाला चिकटपट्टी लावण्याची समाजमाध्यमांवरची टूम ॲप्नियावरचा उपचार नाही, आणि नाक बंद असताना ती धोक्याची आहे. मास्कने जीव घाबरत असेल त्याने तो आधी दिवसा, टीव्ही बघत, दहा-पंधरा मिनिटे लावावा आणि मग रात्रीचे बघावे.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणीच वापरा. बोअरच्या पाण्याने आठवड्यात पांढरा थर बसतो. कोकणात पावसाळ्यात किंवा एसीच्या खोलीत नळीत पाणी साचून तोंडावर थेंब येतात, तेव्हा आर्द्रता कमी करा किंवा नळी पांघरुणाखालून घ्या. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने, नळी आठवड्यातून एकदा धुवा. डेटॉल, स्पिरिट आणि उन्हात वाळवणे नको, सिलिकॉन कडक होतो. ओझोनने मास्क साफ करणाऱ्या पेट्याही नकोत. घरचा इन्व्हर्टर मशीनला पुरतो, ह्युमिडिफायर बंद ठेवला तर जास्त वेळ. वीज गेली तरी पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला झडप असते, गुदमरायला होत नाही.

वापरलेले मशीन घेणाऱ्यांसाठी एक सूचना. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज शोषणारा आतला फोम झिजत असल्याने आपली लाखो जुनी मशीने परत मागवली. ओळखीत ‘चालू स्थितीतले’ मशीन स्वस्तात मिळत असेल, तर मॉडेल आणि सिरियल नंबर त्या यादीत आहे का ते आधी तपासा.

मशीनशिवायचे मार्ग आहेत, पण ते ज्याचे त्याला. उताण्या स्थितीतला आकडा कुशीच्या दुपटीहून जास्त असेल, तर पाठीला जाड उशी किंवा पट्टा बांधून कुशीवर झोपणे खरोखर काम करते. खालचा जबडा पुढे धरणारा साचा सौम्य-मध्यम आजारात चालतो. तो दंतवैद्याने मापाने केलेला हवा, गरम पाण्यात मऊ करून चावायचा बाजारी नको, आणि दात हलतात का हे दर सहा महिन्यांनी पाहावे. लहान मुलांत टॉन्सिल-ॲडेनॉइड काढणे हा बहुतेक वेळा पहिला उपचार असतो, आणि त्यांच्यात एएचआय १ च्या वर गेला तरी तो सामान्य नाही. मोठ्यांची मोजपट्टी मुलाला लावलेला रिपोर्ट परत करा. मोठ्यांच्या घशाच्या शस्त्रक्रियेत घोरण्याचा आवाज जातो आणि आजार राहतो असे होते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झालीच पाहिजे.

वजनाबद्दल लोक एक तर सगळे सोडून बसतात, नाही तर फार आशा ठेवतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात १० टक्के वजन कमी झाले की एएचआय साधारण २६ टक्क्यांनी उतरला, आणि तेवढेच वाढले की ३२ टक्क्यांनी चढला. ८५ किलोच्या माणसाने साडेआठ किलो उतरवले तर ४० चे ३० होतील. चांगलेच आहे, पण ३० म्हणजे अजून तीव्रतेची सीमा. टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्थूलता असलेल्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली; ५२ आठवड्यांच्या चाचण्यांत तासाला सरासरी २५ ते २९ घटना कमी झाल्या. मार्च २०२५ पासून ते मधुमेह आणि वजनासाठी भारतातही मिळते. ते घेणाऱ्याने मशीन स्वतःच्या मनाने कपाटात ठेवू नये. वजन स्थिरावल्यावर पुन्हा तपासणी, मग निर्णय.

पैशांचे दोन शब्द. आरोग्य विम्यात न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत सीपॅपचे नाव सहसा असते, तेव्हा ‘क्लेम होईल’ या तोंडी आश्वासनावर मशीन घेऊ नका. सीजीएचएससारख्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या) आरोग्य योजनेत असाल तर कोणत्या प्रकारची तपासणी, घरची की प्रयोगशाळेतली, ग्राह्य आहे आणि पूर्वपरवानगी लागते का, हे तपासणीच्या आधी विचारा. घरच्या डबीचा रिपोर्ट काढून झाल्यावर पुन्हा प्रयोगशाळेत जाण्याची वेळ येऊ शकते. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेच्या विम्याच्या अटीत मात्र बीएमआय ३५ सोबत तीव्र स्लीप ॲप्निया हे एक मान्य कारण आहे, तिथे नीट केलेला रिपोर्ट कामाला येतो.

आपल्या वृत्तपत्रातून दोन मागण्या पुढे जाव्यात असे वाटते. पहिली, झोपेच्या प्रत्येक रिपोर्टवर वापरण्याजोग्या नोंदीचे तास, ३ की ४ टक्क्यांचा नियम, ९० टक्क्यांखालचा वेळ, मोजणी हाताने तपासली की नाही, आणि तपासणी करणारा मशीनही विकतो का, या पाच गोष्टी छापणे सक्तीचे व्हावे. दुसरी, वाहनचालकांबद्दल. परवान्याच्या फॉर्म १ मध्ये अपस्मार, शुद्ध हरपणे, चक्कर, रातांधळेपणा यांविषयी विचारतात. झोपेचे नाव घेऊन प्रश्न नाही. एसटी, ट्रॅव्हल्स आणि टँकरच्या चालकांच्या वैद्यकीय तपासणीत मानेचा घेर आणि एपवर्थ घालायला एक टेप आणि एक कागद लागेल. पण चालक खरे तेव्हाच सांगेल, जेव्हा त्याला परतीचा रस्ता दिसेल. ३० पैकी किमान २१ रात्री, रोज ४ तास किंवा त्याहून जास्त वापर, हा वापर पुरेसा मानण्याचा प्रचलित निकष आहे आणि त्याची तारीखवार नोंद मशीनच्या कार्डावर असते. हा निकष आणि पेंग गेल्याचा डॉक्टरचा दाखला मिळाला की चालकाला पुन्हा कामावर घ्यायचे, तोपर्यंत त्याला डेपोतले बिनचालनाचे काम द्यायचे आणि पगार कापायचा नाही, एवढे लेखी ठरले पाहिजे.

आपले,
झोपेच्या तपासण्या करणारे दोन तंत्रज्ञ आणि एक छातीविकारतज्ज्ञ, पुणे